जपानी शिकताना इंग्रजीचा वळसा कशाला? रोजच्या वाक्यांची पहिली शिदोरी

जपानी शिकायला बसलेल्या माणसाची पहिली चूक वहीच्या पहिल्याच पानावर होते. 'थँक यू'ला जपानीत काय म्हणतात ते शोधायचं, सापडलेला शब्द इंग्रजी अक्षरांत उतरवायचा आणि मग तो 'अरिगॅटो' असा वाचायचा. त-चा ट झाला, आ-चा ॲ झाला, शेवटचा लांब ओ आखूड झाला. एका शब्दात तीन चुका, आणि तिन्ही इंग्रजी स्पेलिंगच्या पोटातल्या. हाच शब्द 'आरिगातोऽ' असा देवनागरीत लिहिला असता तर एकही झाली नसती.

मराठी माणसासाठी जपानी बोलणं इंग्रजीपेक्षा जवळचं आहे. उच्चारानं जवळचं आहे आणि वाक्याच्या ठेवणीनं तर फारच. क्लासात किंवा ॲपवर शिकवण मात्र इंग्रजीतून येते, म्हणून आधी मराठी मोडून इंग्रजी करायची आणि मग इंग्रजी मोडून जपानी, असा दुहेरी खटाटोप होतो. सीताबर्डीहून धरमपेठेत जायला कामठीवरून कोणी जात नाही.

नागपुरात या भाषेचं काम पडतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीवर जपानी भिक्खू-उपासक येतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेंपल १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं, तिथेही जपानी पाहुणे असतात. शिवाय नोकरीसाठी तिकडे जाऊ पाहणारी पोरं आहेतच. खालची वाक्यं या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून निवडली आहेत.

आधी कान आणि जीभ

या लेखातली लिहिण्याची पद्धत अशी: काना म्हणजे आखूड आ. पुढे ऽ असेल तर तो स्वर आणखी एक ठोका लांबवायचा. शब्दाच्या शेवटची वेलांटी मुद्दाम पहिली ठेवली आहे, कारण तिथला इ आखूडच आहे. 'देस्' आणि 'मास्' यांच्या शेवटी खरं तर सु आहे, पण बोलताना त्यातला उ जवळजवळ गिळला जातो.

ठोका ही जपानीची खरी गुरुकिल्ली. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो. लांबवलेला स्वर हा एक ठोका, 'प्प', 'त्त' अशा दुहेरी जोडाक्षरातला अडकलेला अर्धा वर्ण हाही एक ठोका. आपण 'टोकियो' तीन टाळ्यांत उरकतो, जपानी माणूस 'तो-ओ-क्यो-ओ' असा चार टाळ्यांत म्हणतो. 'निप्पोन्' म्हणजे नि-प्-पो-न्, याही चार. पहिले आठ दिवस प्रत्येक शब्द टाळ्या वाजवत म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. हा ठोका चुकला की नुसता उच्चार बिघडत नाही, अर्थच बदलतो. 'ओबासान्' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान्' म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईला चुकून दुसरं म्हटलंत तर संभाषण तिथेच आटोपेल. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बिऽरु' म्हणजे बिअर. 'किते कुदासाइ' म्हणजे 'या', तर 'कित्ते कुदासाइ' म्हणजे 'टपालाचं तिकीट द्या'.

आता मराठीनं आयतं दिलेलं. जपानीतला 'त्सु' हिंदी भाषकांना छळतो. आपल्याकडे तो 'चुना'तला चु आहे, तोच दातांजवळचा च. 'चि' मात्र 'चिमणी'तला. म्हणजे मराठी जशी दोन च ओळखते तशी जपानीही. तीच गत ज-ची: 'गोझाइमास्'मधला झ म्हणजे 'जास्त'मधला ज, हकार अजिबात न देता, आणि 'जि' म्हणजे 'जिरे'तला. त, द कायम दातांचे. ट, ड विसरा. ख, घ, थ, ध, भ यांचं इथे कामच नाही. र हा जिभेचा एकच हलका टोला, आपला एकेरी र चालून जातो, आणि वेगळा ल नाही. 'फु' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावू नका; समईवर फुंकर घालतो तसे दोन्ही ओठ जवळ आणा.

सगळ्यात सुंदर जुळणी अनुस्वाराची. जपानीत एक सुटा नासिक्य वर्ण आहे, तो पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप बदलतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी नियमांची यादी पाठ करावी लागते. आपण 'संप', 'संत' आणि 'संग' हे तीन शब्द तीन तऱ्हांनी म्हणतो आणि लिहितो एकाच टिंबानं. म्हणून 'कोंबानवा', 'गेंकि', 'सेंपाइ' असं अनुस्वारानं लिहून घ्या, उच्चार आपोआप बरोबर येईल. फक्त त्या टिंबालाही एक पूर्ण ठोका आहे हे ध्यानात ठेवा. 'कोन्निचिवा' म्हणजे को-न्-नि-चि-वा, पाच ठोके. 'कोनिचिवा' हे ऐकणाऱ्याला खटकतं.

वाक्य कसं बसतं

मराठी: मी चहा पितो. जपानी: वाताशि वा / ओचा ओ / नोमिमास्. कर्ता, कर्म, क्रियापद, जागच्या जागी.

आता प्रश्न करा. मराठी: चहा पिता का? जपानी: ओचा ओ नोमिमास् का? शेवटी तोच 'का'. योगायोग आहे, पण फुकटचा फायदा सोडायचा कशाला? एकच सांभाळा: मराठीत 'कुठे', 'काय', 'केव्हा' आलं की आपण 'का' टाकत नाही. जपानीत आदरानं बोलताना तिथेही तो लागतो. 'तोइरे वा दोको देस् का', संडास कुठे आहे? मराठी वळणानं 'दोको देस्' म्हणून थांबलात तर वाक्य लंगडं वाटतं.

(आणि हो, 'ओचा' म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा. चौकातल्या टपरीवरचा कडक चहा अपेक्षित असेल तर निराशा होईल.)

नागपूरकराच्या वाक्याला 'ना' लागल्याशिवाय राहत नाही. जपानी माणसाचंही तसंच, तो 'ने' लावतो. 'आत्सुइ देस् ने' म्हणजे 'गरम होऊन राहिलं ना'. मे महिन्यात हे एक वाक्य दिवसभर पुरतं. हवेवरून बोलणं सुरू करणं जपानात अगदी रीतीचं आहे. उत्तर द्यायचं 'सोऽ देस् ने', हो ना. समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगताना 'ने'ऐवजी 'यो' येतो, तो आपला 'बरं का'. 'काराइ देस् यो', तिखट आहे बरं का.

विभक्तीचे प्रत्ययही नामाच्या मागून चिकटतात, इंग्रजीसारखे पुढे येत नाहीत. 'नो' म्हणजे चा-ची-चे, तिन्हींना मिळून एकच, कारण लिंगभानगड नाही. 'कारा' म्हणजे हून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'मो' म्हणजे ही किंवा सुद्धा, 'तो' म्हणजे आणि किंवा बरोबर. 'नि' हा 'ला', आणि 'दे' म्हणजे साधनाचा 'ने' किंवा काम जिथे घडतं तिथला 'मध्ये'. 'नागुपुऽरु कारा मुंबाइ मादे देन्शा दे इकिमास्' या वाक्याचे तुकडे एकामागून एक मराठीत ठेवत चला: नागपूरहून, मुंबईपर्यंत, ट्रेनने, जातो. काही हलवावं लागलं नाही.

क्रियापदाची तर चैनच आहे. पितो, पिते, पितात, पिणार, या सगळ्यांना 'नोमिमास्'. चार रूपं तोंडात बसवा: नोमिमास् (पितो), नोमिमासेन् (पीत नाही), नोमिमाश्ता (प्यायलो), नोमिमासेन् देश्ता (प्यायलो नाही). हाच साचा ताबेमास् (खाणे), इकिमास् (जाणे), किमास् (येणे), मिमास् (पाहणे), काइमास् (विकत घेणे), शिमास् (करणे) यांना लावा. एकूण सात क्रियापदं गुणिले चार रूपं, म्हणजे अठ्ठावीस वाक्यं खिशात.

काळाची सवयसुद्धा जुळते. इंग्रजीत भूक 'आहे' म्हणतात. आपण 'भूक लागली' म्हणतो, भूतकाळात. जपानीही 'ओनाका गा सुकिमाश्ता' म्हणते, भूतकाळात. 'थकलो'ला 'त्सुकारेमाश्ता'. 'समजलं'ला 'वाकारिमाश्ता'. आणि 'खाऊन बघा' हे तर शब्दाला शब्द: 'ताबेते' खाऊन, 'मिते कुदासाइ' बघा. पाहुण्यापुढे संत्राबर्फी ठेवताना हेच वाक्य लागेल.

एका जागी मात्र मराठी दगा देते. आपला 'आहे' जपानीत तिघांत वाटला जातो. 'मी विद्यार्थी आहे' इथे 'देस्'. 'पुस्तक आहे' इथे 'आरिमास्', निर्जीवासाठी. 'आई घरी आहे' इथे 'इमास्', माणसं आणि जनावरांसाठी. मुलांना 'आरिमास्' लावलं की ती टेबलाच्या रांगेत जाऊन बसतात. दुसरा दगा 'ते'चा. आपल्याकडे जवळचं 'हे' आणि लांबचं 'ते', संपलं. जपानीत तीन: माझ्या हाताशी आहे ते 'कोरे', तुमच्या हाताशी आहे ते 'सोरे', दोघांपासूनही लांब आहे ते 'आरे'. दुकानदाराच्या हातातल्या वस्तूला 'आरे' म्हटलं की तो मागच्या फळीकडे वळून पाहतो.

भेटताना, निघताना

सकाळी साधारण दहा-अकरापर्यंत 'ओहायोऽ गोझाइमास्', नंतर दिवसभर 'कोन्निचिवा', अंधार पडल्यावर 'कोंबानवा'. 'ओयासुमि नासाइ' हे झोपायला जाताना किंवा रात्री उशिरा निरोप घेताना म्हणतात. सात वाजता दुकानातून निघताना नव्हे. 'सायोनारा' सगळ्यांना पाठ असतं आणि तेच सर्वांत कमी उपयोगाचं: त्याला ताटातुटीचा वास आहे. उद्या पुन्हा भेटणाऱ्याला 'जा, माता' पुरे, आणि ऑफिसातून आधी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेऽ शिमास्', म्हणजे तुमच्याआधी निघतोय, माफी असावी. मागे राहिलेले 'ओत्सुकारेसामा देश्ता' म्हणतात, दमलात हो, या अर्थानं.

फोन करणार असाल तर घड्याळ बघा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इथे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिथे दुपारचा एक; 'ओहायोऽ' म्हणून चालणार नाही. फोनवर पहिला शब्द 'मोशि मोशि'.

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं. जपानी आईही तेच शिकवते. 'इत्ते किमास्', अक्षरशः 'जाऊन येतो'. घरचे म्हणतात 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. परत आल्यावर 'तादाइमा', आलो. आणि उत्तर 'ओकाएरि नासाइ'. ही चार वाक्यं आजपासून घरी सुरू करा. दिवसातून दोनदा आपोआप सराव होतो, पुस्तक उघडावं लागत नाही.

नमस्कार हात जोडून करू नका. जपानात हात जोडणं हे देवळातलं आणि जेवणाआधीचं. भेटताना कमरेतून वाका, पाठ सरळ, हात मांडीलगत. बोलून झालं की वाका. वाकता वाकता बोललात तर आवाज जमिनीकडे जातो.

ओळख करून द्यायची ती अशी: 'हाजिमेमाश्ते. देश्मुकु देस्. इंदो नो नागुपुऽरु कारा किमाश्ता. योरोशिकु ओनेगाइ शिमास्.' पहिल्यांदाच भेटतोय, देशमुख, भारतातल्या नागपूरहून आलो, पुढे लक्ष असू द्या. स्वतःच्या नावाला 'सान्' कधीही लावायचं नाही. ते आपल्या 'राव'-'जी'सारखं आहे, दुसऱ्यानं लावायचं. उलट समोरच्याला मात्र न चुकता लावायचं, आणि आडनावाला लावायचं.

तुमचं नाव जपानी तोंडात काय होईल तेही आधी करून बघा. ल आणि ळ दोन्हींचा र होतो, व-चा बहुधा ब, शेवटच्या हलन्त व्यंजनाला उ किंवा ओ चिकटतो. विनोदचा 'बिनोऽदो'. वंदनाताईंची 'बांदाना', म्हणजे डोक्याला बांधायचा रुमाल. राहुलचा 'राऽफुरु', आणि दक्षिणेकडच्या कागोशिमात राऽफुरु म्हणतात फळा पुसायच्या डस्टरला. वाईट वाटून घेऊ नका. नाव सांगताना हा विनोद स्वतःच केलात तर लोक नाव विसरत नाहीत.

एक शब्द, दहा कामं: सुमिमासेन्

वेटरला हाक मारायची, सुमिमासेन्. गर्दीतून वाट काढायची, सुमिमासेन्. पाय पडला, सुमिमासेन्. कुणी तुमच्यासाठी लिफ्ट धरून ठेवली, तरी सुमिमासेन्, कारण तुमच्यामुळे त्याला त्रास झाला. मराठीत 'अहो, जरा', 'माफ करा' आणि 'कशाला उगाच त्रास घेतलात' हे तिन्ही यात मावतात.

'अहो'वरून आठवलं. सवयीनं जपानी माणसाला 'अहो!' अशी हाक घालू नका. 'आहो' म्हणजे मूर्ख. ओसाकाकडे तो थट्टेत खपतो, तोऽक्योऽत झोंबतो. 'बाबा' हाही जपून, म्हातारीसाठीचा उद्धट शब्द त्याच्या शेजारीच आहे. 'अरे?' मात्र बिनधास्त म्हणा. आश्चर्य वाटलं की तेही 'आरे?' म्हणतात.

आभारासाठी 'आरिगातोऽ गोझाइमास्'. काम पूर्ण झालं, पाहुणचार संपला, आता निघतोय, तेव्हा 'आरिगातोऽ गोझाइमाश्ता'. 'योऽकोसो' वगैरे पाट्यांवरचे शब्द सध्या बाजूला ठेवा. पाहुण्याला आत बोलवायला 'दोऽझो' पुरतं: 'कोचिरा ए दोऽझो', इकडे या. विहारात 'कुत्सु ओ नुइदे कुदासाइ', जोडे काढा. फोटो काढायची परवानगी मागायला 'शाशिन् ओ तोत्ते मो इऽ देस् का'.

दुकान आणि आकडे

'कोरे ओ फुतात्सु कुदासाइ': हे, दोन, द्या. पुन्हा मराठीचाच क्रम. वस्तू मोजायला हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु. एवढ्या पाचांवर बरेच दिवस निघतात. माणसं वेगळी मोजतात: हितोरि, फुतारि, मग सान्निन्. हॉटेलच्या दारात किती जण म्हणून विचारलं की 'फुतारि देस्' म्हणा आणि दोन बोटंही दाखवा.

किंमत विचारायला 'इकुरा देस् का'. विचारणं सोपं, आलेलं उत्तर समजणं अवघड, म्हणून आकडे बोलण्यापेक्षा ऐकण्याचा सराव जास्त करा. इचि, नि, सान्, योन्, गो, रोकु, नाना, हाचि, क्युऽ, जुऽ. सत्तेचाळीस, एकोणसाठ अशी शंभर वेगवेगळी नावं पाठ केलेल्या माणसाला जपानी आकडे म्हणजे सुट्टीच: सत्तेचाळीस म्हणजे योन्-जुऽ-नाना, चार-दहा-सात. अडचण शेकड्यात येते. शंभर 'ह्याकु', पण तीनशे 'सांब्याकु', सहाशे 'रोप्प्याकु', आठशे 'हाप्प्याकु'. हजार 'सेन्', तीन हजार 'सान्झेन्', आठ हजार 'हास्सेन्'. दहा हजाराला स्वतंत्र नाव आहे, 'मान्', आणि ते 'इचिमान्' असं एक लावूनच म्हणतात. लाखाला 'जुऽमान्', दहा मान्. लाख-कोटीच्या मापात विचार करणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते, तेव्हा पगाराचा आकडा ऐकलात तर कागदावर लिहून शून्यं मोजा. येनला ते 'एन्' म्हणतात: १,३५० म्हणजे सेन् सांब्याकु गोजुऽ एन्.

वेळेच्या आकड्यांत तीन अपवाद. चार वाजता 'योजि', सात वाजता 'शिचिजि', नऊ वाजता 'कुजि'.

दुकानात शिरताच 'इराश्शाइमासे' असा पुकारा होतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं, मान हलवली तरी पुरे. पैसे देताना बहुतेक वेळा 'फुकुरो वा' असं काहीसं कानावर पडेल. ते पिशवीबद्दल आहे. २०२० च्या जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. हवी तर 'ओनेगाइ शिमास्', नको तर 'दाइजोऽबु देस्'. खाण्याच्या दुकानात इथेच खाणार की नेणार हे विचारतात, कारण नेलं तर कर आठ टक्के, बसून खाल्लं तर दहा. नेण्यासाठी 'मोचिकाएरि दे'.

ताटातलं

शाकाहारी माणसाचा घात 'दाशि' करते. दाशि म्हणजे रस्साचा मूळ अर्क, आणि तो बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. वरून पाहिलं तर भाजी, नूडल, टोफू; आत मासा. 'निकु वा ताबेमासेन्', म्हणजे मांस खात नाही, एवढंच सांगितलंत तर वाढणारा प्रामाणिकपणे तेच आणून देईल, कारण त्याच्या लेखी मासा हे 'निकु' नाहीच. म्हणून पूर्ण सांगा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन्.' मग विचारा: 'साकाना नो दाशि वा हाइत्ते इमास् का', माशाची दाशि आहे का यात? अंडं 'तामागो'. कांदा 'तामानेगि', लसूण 'निन्निकु'; जैन मंडळींनी हे दोन वेगळे सांगावेत. बौद्ध मठांतून आलेली शोऽजिन् र्योऽरि ही परंपरा शाकाहारी आहे, तो शब्द लिहून जवळ ठेवा. मांस खाणाऱ्यांना डुक्कर किंवा गाय टाळायची असेल तर 'बुतानिकु' आणि 'ग्युऽनिकु'.

पाणी 'मिझु', पण मिझु म्हणजे थंडच. गरम पाणी हवं म्हणून 'आत्सुइ मिझु' म्हणाल तर लोक बुचकळ्यात पडतात. त्याला वेगळा शब्द आहे, 'ओयु'.

जपानी पाहुण्याला सावजीत घेऊन जाणार असाल तर त्याच्या ताटात वाढायच्या आधी विचारा, 'काराइ देस् यो, दाइजोऽबु देस् का?' तिखट आहे बरं का, चालेल का? तर्रीपोह्यालाही हीच सूचना लागू, तर्री वेगळ्या वाटीत मागवा. संत्र्याला 'ओरेंजि'पेक्षा 'मिकान्' म्हणा. सोलायला सोपं, सुट्या फोडींचं ते फळ त्यांना याच नावानं माहीत आहे. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास्', नंतर 'गोचिसोऽसामा देश्ता'. पहिलं 'वदनी कवळ घेता'च्या जागी, दुसरं 'अन्नदाता सुखी भव'च्या.

नाही म्हणायची रीत

समोरचा 'हाइ, हाइ' करत मान डोलावतो म्हणजे सौदा पक्का झाला असं समजू नका. तो आपल्यासारखाच 'हं, हं' म्हणतोय: ऐकतोय, पुढे बोला. तुम्हीही ऐकताना अधूनमधून 'हाइ' किंवा 'सोऽ देस् का' म्हणत राहा. गप्प बसलात तर त्याला वाटतं लाइन कटली.

नकार सरळ 'इइए' म्हणून देत नाहीत. 'रविवारी येता का?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'निचियोऽबि वा चोत्तो...' रविवारी जरा... आणि वाक्य तिथेच सुटतं. आपणही 'रविवारचं जरा...' म्हणून मान तिरकी करतोच की. 'चोत्तो' म्हणजे जरा, आणि पुढचे टिंब टिंब म्हणजे नाही. पुन्हा आग्रह धरू नये.

समजलं नाही तर 'वाकारिमासेन्'. त्याच्या जोडीला दोन: 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्', पुन्हा एकदा सांगा, 'युक्कुरि ओनेगाइ शिमास्', सावकाश. सगळ्यांत आधी पाठ करायची तीन वाक्यं कोणती, असं विचाराल तर हीच. नुसतं हसून मान डोलावली की समोरचा वेग वाढवतो.

ॲनिमे बघून शिकणाऱ्यांसाठी धोक्याचा कंदील. तिथली पात्रं 'ओरे' (मी) आणि 'ओमाए' (तू) असं बोलतात. ओळखपाळख नसलेल्या माणसाला 'ओमाए' म्हणणं म्हणजे कॉलेजच्या प्राचार्यांना 'काय बे' म्हणणं. पुस्तकी 'आनाता' हा त्यावरचा उपाय वाटतो, पण तोही 'आपण' नव्हे. वरिष्ठांना तर तो लावायचाच नाही. नाव आणि सान्, किंवा हुद्दा, शिक्षकांना 'सेंसेऽ'. नाहीतर कर्ता गाळून टाका. 'जेवलात का?' यात तरी 'तुम्ही' कुठे असतं?

रोजची पंचवीस मिनिटं

पहिली दहा मिनिटं ऐकण्याची. एनएचके वर्ल्ड-जपानच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी मोफत ध्वनिधडे आहेत. एक छोटा संवाद घ्या, वाचू नका, तीनदा ऐका. चौथ्यांदा आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं बोलत जा. थांबवून थांबवून बोलू नका, ठोका त्यानंच तुटतो.

पुढची दहा मिनिटं वाक्य फिरवण्याची. रोज तीनच नवी वाक्यं घ्या आणि प्रत्येकात एक शब्द बदलून पाच करा. मेट्रोत बसलात तर फलाटावर उभ्या काल्पनिक पाहुण्याला सांगा: 'कोनो देन्शा वा कुऽकोऽ नि इकिमास्', ही गाडी विमानतळाला जाते. सीताबर्डीला गाडी बदलताना तेच वाक्य नकारात करा, मग प्रश्नात. दहा नवी वाक्यं एका दमात पाठ करणारे चौथ्या दिवशी सगळी विसरलेले असतात.

उरलेली पाच मिनिटं मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकायची. यात लाज वाटते म्हणून बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि आखूड ऐवजी लांब, लांब ऐवजी आखूड ही चूक इथेच पकडता येते. जेएलपीटी नावाची परीक्षा देणार असाल, ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तर हे ध्यानात ठेवा की तिच्यात बोलण्याचा भागच नाही. सगळ्यांत खालची एन-५ पातळी १८० पैकी ८० गुणांना सुटते, प्रत्येक भागाचे किमान गुण मिळाले तर. ती सुटली म्हणून तोंड सुटेलच असं नाही.

देवनागरी ही फक्त चढायची शिडी आहे. दुसऱ्या आठवड्यात हिरागाना ही लिपी सुरू करा. तिची मूळ अक्षरं ४६, रोज पाच केली तर दहा दिवसांत होतात. तिच्या तक्त्याचा क्रम पाहाल तर ओळखीचा वाटेल: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम जपानी बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडला आहे, म्हणजे आपल्या वर्णमालेचाच दूरचा नातलग. का-वर दोन छोट्या रेघा दिल्या की गा, ता-वर दिल्या की दा. पहिल्या दिवशी फक्त पाच स्वर लिहा, प्रत्येकी वीस वेळा, चौकटीच्या वहीत, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणा.